शेवटचा शब्द पियानोचा

मेलेला एक पोरगा जमिनीखालून विचारतोय, मी हाकायचो ते नांगराचे घोडे अजून चालतायत का रे? वरून मित्र उत्तर देतो, हो, चालतायत की, तू गेलास म्हणून काही थांबलं नाही. मग तो विचारतो, नदीकाठी फुटबॉल चालतो का अजून? हो, चालतो, पोरं जीव तोडून खेळतात. मग जरा दबकत, माझी प्रेयसी कशी आहे, रडून रडून थकली का? मित्र म्हणतो, ती मजेत आहे, तू झोप आता. आणि मग शेवटचा प्रश्न, माझा मित्र कसा आहे, त्याला माझ्यापेक्षा बरं अंथरूण मिळालं का? त्यावर मित्र म्हणतो, हो, मी सुखात झोपतो, एका मेलेल्या माणसाच्या प्रेयसीला मी आनंदात ठेवतो, कुणाच्या ते मात्र विचारू नकोस.

आठ कडवी, प्रत्येकी चार ओळी, बस एवढीच कविता. ए. ई. हाउसमन या कवीची, 'अ श्रॉपशर लॅड' या 1896 च्या संग्रहातली. हाउसमन लॅटिनचा प्राध्यापक, अतिशय शिस्तीचा आणि अबोल माणूस. त्याचा जन्म श्रॉपशर परगण्यातला नव्हे, शेजारच्या वूस्टरशरमधला, आणि श्रॉपशरच्या टेकड्या त्याने लहानपणी पश्चिमेला क्षितिजावर बघितलेल्या. संग्रह छापायला पैसेही स्वतःचेच घातले. 63 कविता, शब्द साधे, ओळी छोट्या, आणि जवळजवळ प्रत्येक कवितेत कुणीतरी तरुण पोरगा मरतोय किंवा मरणाकडे निघालाय. सुरुवातीला खप फारसा नव्हता, पण पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत इंग्लंडमधल्या संगीतकारांनी या पुस्तकाचा जो फडशा पाडलाय तो बघण्यासारखा आहे, ज्याला त्याला हाउसमनलाच चाल लावायची होती.

आता चाल लावणं म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर भावगीत येतं. मी स्वतः सुगम संगीत ऐकत आणि गात वाढले, त्यामुळे कवितेला चाल हा प्रकार मला नवा नव्हता, पण इंग्रजी कवितांवरची ही गाणी, ज्यांना तिकडे आर्ट साँग म्हणतात, एक गायक आणि एक पियानो एवढाच ऐवज, ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला काही केल्या ती 'धरता' येईनात. कारण आपल्याकडे मुखडा असतो, तो प्रत्येक अंतऱ्यानंतर परत येतो, आणि तो परत आला की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. इथे तसं काही नाही. बहुतेक वेळा कविता वरून खाली एकदाच जाते, कवीने लिहिली त्याच क्रमाने, आणि संपली की संपली. हरकती मुरक्या नाहीत, गायकाने स्वतःचं काही घालायचं नाही, प्रत्येक सूर आणि प्रत्येक थांबा संगीतकाराने कागदावर लिहून ठेवलेला.

आणि दुसरं, पियानो साथीला नसतो. हे मला कळायला बराच काळ लागला आणि ते कळल्यावर सगळंच उलगडलं. आपल्या हार्मोनियमने गायकाच्या मागे मागे जायचं असतं, गायकाची जागा भरून काढायची असते. इथे पियानो हा दुसरा माणूस आहे. गायक जे म्हणतो त्याच्या बरोबर उलट तो म्हणू शकतो, गायकाला ठाऊक नसलेली गोष्ट त्याला ठाऊक असू शकते, गायक गप्प झाल्यावरही त्याचं बोलणं चालू राहू शकतं. गाणारा म्हणतोय मी मजेत आहे आणि पियानोचे दोन सूर सांगतात की हा खोटं बोलतोय. कवितेत जे ओळींच्या मधे लपलेलं असतं ते संगीतकार पियानोला देतो. मला तरी या प्रकारातली सगळी जादू तिथेच दिसते.

अजून एक अडचण आहे ती इंग्रजीच्या स्वभावाची. आपल्याकडे लघु-गुरू आहेत, गुरू अक्षर लांबवलं की कानाला गोडच लागतं, वृत्तातच अर्धी चाल तयार असते. इंग्रजीत सगळा खेळ आघाताचा, शब्दातलं कुठलं अक्षर जोरात येतं त्यावर, आणि तो आघात तालाच्या चुकीच्या जागी पडला की शब्दच ओळखू येत नाही. त्यात बरेच स्वर आखूड, आणि शब्दाच्या शेवटी एकावर एक व्यंजनं रचलेली, ती उंच सुरावर गाताना जीव जातो. म्हणजे चांगला संगीतकार आधी ती ओळ शंभर वेळा मोठ्याने म्हणत असणार, मगच पेन उचलत असणार असं मला नेहमी वाटतं.

तर ती मेलेल्या पोराची कविता. ही एकच कविता दोन मित्रांनी दोन वर्षांच्या अंतराने चालीत बांधली आणि दोन्ही एकापाठोपाठ ऐकली की डोकं गरगरतं. पुस्तकात कविता वाचताना कोण बोलतंय हे फक्त अवतरणचिन्हावरून कळतं, आवाज आपण आपल्या मनाने लावतो. पण गाणारा एकच असतो, त्याला मेलेलाही व्हायचं असतं आणि जिवंतही, म्हणजे संगीतकाराला ठरवावंच लागतं की मेलेल्या माणसाचा आवाज कसा असतो.

पहिला राल्फ वॉन विल्यम्स. तो 1907-08 मध्ये पॅरिसला रावेल या फ्रेंच संगीतकाराकडे जाऊन शिकून आला आणि 1909 मध्ये त्याने 'ऑन वेनलॉक एज' ही हाउसमनच्या सहा कवितांची गाणी केली, टेनर म्हणजे उंच पट्टीचा पुरुषी आवाज, पियानो आणि चार तंतुवाद्यांसाठी. तंतुवाद्यं नसली तरी चालतील, नुसत्या पियानोवरही गाता येईल, अशी सोय त्यानेच ठेवलीय, पण ही कविता मात्र तंतुवाद्यांसकटच ऐका. मेलेला बोलतो तेव्हा ती वर कुठेतरी दबलेल्या आवाजात वाजतात, आणि जिवंत मित्र बोलायला लागला की पियानो धडधडत आत येतो, छातीत होते तशी धडधड. शेवटाला तर मित्र जवळजवळ ओरडतोच. जबरदस्त नाट्य आहे, थिएटरात बसल्यासारखं वाटतं.

पण एक केलं त्याने, फुटबॉलची दोन कडवी गाळून टाकली. हाउसमनला हे कळलं आणि तो भडकला, त्याने आपल्या प्रकाशकाला लिहिलं की मी त्याच्या संगीतातले दोन बार, म्हणजे तालाची दोन आवर्तनं, कापली तर त्याला कसं वाटेल? यावर वॉन विल्यम्सचं म्हणणं असं की कवितेचा अर्थ बिघडत नसेल तर हवा तेवढा भाग घ्यायचा संगीतकाराला हक्क आहे, आणि गोलकीपर गोल राखायला उभा आहे असल्या ओळी मी पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचवल्या नाहीत याबद्दल कवीने माझे आभारच मानले पाहिजेत. मी या भांडणात हाउसमनच्या बाजूने आहे. त्या ओळी साध्या आहेत, अगदी ठोकळेबाज म्हणा हवं तर, पण मेलेला पोरगा आधी घोडे विचारतो, मग खेळ विचारतो, आणि मग पोरगी विचारतो, खरा प्रश्न विचारायचा धीर त्याला हळूहळू येतोय. मधली पायरी काढली की तो थेट मुद्द्यावर येतो, आणि मेलेल्या माणसाला इतकी घाई कशाला असेल?

दुसरा जॉर्ज बटरवर्थ, वॉन विल्यम्सहून तेरा वर्षांनी लहान आणि त्याचा जिवाभावाचा मित्र. त्याची 'अ श्रॉपशर लॅड'मधली सहा गाणी 1911 मध्ये छापून आली, फक्त आवाज आणि पियानो, आणि ही कविता त्यात शेवटची. फुटबॉल आहे त्याच्यात. मेलेल्याची ओळ वरच्या सुरावर अगदी हळू सुरू होते आणि खाली खाली येते, पियानोत फक्त लांब धरलेले कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार सूर, तेही खाली घसरणारे, कुठेच पक्के न टेकणारे. जिवंत मित्र आला की लय वाढते, आवाज मोठा होतो, पियानो भरीव होतो, जमिनीवर पाय रोवून उभा राहिलेला माणूस. असं आलटून पालटून, चाली दोनच, गाण्यात दुसरं काहीही नाही. मी घरच्या डिजिटल पियानोवर ते मेलेल्याचे कॉर्ड वाजवून बघते कधीकधी, बोटांना त्यात अवघड काहीच नाही, पण ते इतके हलके वाजवायचेत की सगळे सूर एकाच वेळी वाजले पाहिजेत आणि तरी वाजलेत असं वाटता कामा नये, ते मला अजून पुरतं जमलेलं नाही.

आणि मग शेवटचं कडवं. हे कडवं पूर्ण मित्राचं आहे, कविता मित्राच्या वाक्यावर संपते. तो नेहमीसारखा जोरात सुरू करतो, हो मी सुखात झोपतो वगैरे, पण 'कुणाच्या ते विचारू नकोस' इथे येईतो त्याचा आवाज उतरतो, लय मोडते, आणि खाली पियानोत परत ते मेलेल्याचे कॉर्ड सुरू होतात. मित्र गप्प. कॉर्ड चालूच, आणि ते शेवटपर्यंत नीट घरी, आपल्या मूळ सुरावर, येतच नाहीत, मधेच कुठेतरी विरतात. म्हणजे हाउसमनने शेवटचा शब्द जिवंताला दिला होता आणि बटरवर्थने एकही अक्षर न बदलता, एकही कडवं न कापता, तो मेलेल्याला परत दिला. त्याने प्रश्न विचारणं थांबवलेलंच नाही. कविता मी कितीदा वाचली होती, मला हे कधी दिसलं नव्हतं, आणि आता कविता नुसती वाचली तरी मला शेवटच्या ओळीनंतर ते कॉर्ड ऐकू येतात. चाल लावणं म्हणजे कवितेवर काहीतरी चढवणं नाही, ते वाचन आहे, आणि चांगलं वाचन झालं की नंतरच्या सगळ्यांना कविता थोडी वेगळीच मिळते.

त्याच सहांतलं पहिलं गाणं चेरीच्या झाडाचं, 'लव्हलिएस्ट ऑफ ट्रीज'. वीस वर्षांचा पोरगा ईस्टरच्या सुमारास पांढऱ्या फुलांनी लगडलेलं झाड बघतो आणि हिशोब करतो, माणसाला सत्तर वर्षं, त्यातली वीस गेली, उरली पन्नास, एवढ्या फुलांना बघायला पन्नास वसंत फारच कमी, तेव्हा आत्ताच हिंडून घेतो. आधी पियानो एकटाच वरून खाली उतरत येतो, मग आवाज तीच वाट धरतो. फुलं गळतायत हे कवितेत कुठेही म्हटलेलं नाही, झाड पूर्ण बहरात आहे, पण सूर पहिल्या क्षणापासून खाली येतायत. पाचवं गाणं श्रॉपशरमधल्या लडलो गावच्या जत्रेचं. शेकड्यांनी पोरं जत्रेला आलीयत, आणि त्यात काही अशी आहेत की जी ऐन भरात मरणार आहेत आणि कधीच म्हातारी होणार नाहीत, ती कोणती हे ओळखता आलं असतं तर निरोप तरी घेतला असता. चाल लोकगीतासारखी डुलणारी, पियानो जवळजवळ काहीच करत नाही, आणि शेवटच्या भयंकर ओळीलाही तो काही करत नाही, जत्रेतली चाल तशीच चालू राहते. बटरवर्थने खेड्यापाड्यांत फिरून शेकडो लोकगीतं आणि नाच गोळा केले होते, स्वतः मॉरिस हा इंग्लिश लोकनाच करायचा, त्याला पक्कं माहीत होतं की लोक भयंकर गोष्टीसुद्धा साध्या चालीत गातात.

हे सगळं 1911 चं. 1914 ला पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तो फौजेत भरती झाला. जाण्याआधी त्याने आपल्या हस्तलिखितांतलं बरंचसं, जे त्याला पुरेसं चांगलं वाटलं नाही ते, नष्ट करून टाकलं. डरहम लाइट इन्फन्ट्रीत तो अधिकारी होता, हाताखालचे सैनिक बरेचसे खाणकामगार. 5 ऑगस्ट 1916 ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत, पोझिएर गावाजवळ, पहाटे त्याला गोळी लागली. वय 31. त्याच्या मृतदेहाची ओळख पटवून कबर कधीच करता आली नाही, त्याचं नाव त्याच भागातल्या थिएपव्हालच्या स्मारकावर आहे, बहात्तर हजारांहून जास्त नावांमध्ये. आता हे कळल्यावर ती जत्रेची ओळ तशीच ऐकता येत नाही हे खरंय, पण मी स्वतःला बजावते की त्याला हे ठाऊक नव्हतं. कविता 1896 ची, तेव्हा या युद्धाचा मागमूसही नव्हता. ती गाणी त्याच्या मरणामुळे मोठी झालेली नाहीत, ती आधीच मोठी होती.

एकच कविता दोघांनी दोन तऱ्हांनी वाचायची, हे हार्डीच्या कवितांतही दिसतं. टॉमस हार्डी आपल्याला कादंबरीकार म्हणून माहीत असतो, पण कविता त्याने ढिगाने लिहिल्यात आणि जेराल्ड फिन्झी नावाच्या संगीतकाराने जवळजवळ आयुष्यभर त्यांनाच चाली लावल्या. हार्डीची एक छोटी पक्ष्यांची कविता आहे, संध्याकाळी पाखरं अशी गातायत की सगळा काळ जणू त्यांचाच, आणि वर्षभरापूर्वी ही पाखरं नव्हतीच, नुसते धान्याचे कण होते, माती होती, हवा होती, पाऊस होता. फिन्झीने 1936 मध्ये आलेल्या गाण्यांच्या संचाला यातल्या शेवटच्या शब्दांचंच नाव दिलं, 'अर्थ अँड एअर अँड रेन', आणि ही कविता अगदी शेवटी ठेवली. पियानो कितीतरी वेळ एकटाच वाजतो, संध्याकाळ पडू देतो, गायक नुसता ऐकत उभा, आणि मग तो बोलतो तेव्हा एका अक्षराला साधारण एक सूर, बोलल्यासारखा. बेंजामिन ब्रिटनने तीच कविता 1953 च्या 'विंटर वर्ड्स'मध्ये घेतली, पीटर पेअर्स या टेनर गायकाच्या आवाजासाठी, आणि तिथे पियानोत पाखरांचा नुसता कल्ला आहे, गाणं भुर्रकन उडूनच जातं. फिन्झी त्या कवितेत पाखरं ऐकणारा म्हातारा माणूस झाला आणि ब्रिटन पाखरू झाला. दोन्ही कवितेतच आहेत. मला फिन्झीचं जास्त आवडतं, माझ्या ओळखीतल्या पियानो वाजवणाऱ्या सगळ्यांना ब्रिटनचं आवडतं.

त्याच 'विंटर वर्ड्स'मध्ये रेल्वे स्टेशनवरचं गाणं आहे, बेड्या घातलेला कैदी, सोबत शिपाई, आणि व्हायोलिन घेऊन उभा एक लहान मुलगा, ज्याच्याकडे द्यायला पैसे नाहीत म्हणून तो कैद्याला वाजवून दाखवतो. ब्रिटनने इथे पियानोचं व्हायोलिनच करून टाकलंय, खालच्या जाड सुरांना जवळजवळ हातच लावलेला नाही, तारा जुळवल्यासारखे पंचम, मुलाने चाचपडत वाजवावं तसं. दहा बोटांच्या वाद्याला त्याने चार तारा दिल्या, असं काही मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

पण कवी आणि संगीतकार एकच माणूस असेल तर? तसा आयव्हर गर्नी होता. 1890 चा जन्म, ग्लॉस्टरचा, सेव्हर्न नदीच्या खोऱ्यातला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकला, मग साधा शिपाई म्हणून फ्रान्सला गेला आणि तिथे खंदकांत, आसपास पियानो नसताना, डोक्यातल्या डोक्यात गाणी लिहिली. एक तर थिएपव्हालजवळच लिहिलंय, जानेवारी 1917 मध्ये, आपल्या मित्राच्या कवितेवर, बटरवर्थ मारला गेला त्या भागापासून फार लांब नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याने आपल्याच आठ ओळींना चाल लावली, 'सेव्हर्न मेडोज'. भटकणाऱ्यालाच इंग्लंडचं रूप कळतं, आणि सेव्हर्नकाठच्या कुरणांनो, मला अगदीच विसरू नका, एवढंच त्यात आहे. पुढे त्याला गोळी लागली, विषारी वायूचा त्रास झाला, तो परत आला, आणि 1922 पासून 1937 मध्ये मरेपर्यंत मनोरुग्णालयातच राहिला, त्यातला बहुतेक काळ डार्टफर्डला, त्या कुरणांपासून खूप लांब. त्याने तीनशेहून जास्त गाणी लिहिली. त्याचे कागद मॅरियन स्कॉट या कॉलेजपासूनच्या मैत्रिणीने जपले, आणि ती गाणी छापून यावीत म्हणून सगळ्यात जास्त धडपडला तो फिन्झी, स्वतःचं काम बाजूला ठेवून. हाच फिन्झी आपल्या बागेत नामशेष होत चाललेल्या जुन्या इंग्लिश सफरचंदांच्या जाती शोधून लावायचा. 1938 मध्ये ऑक्सफर्डच्या प्रकाशनाने गर्नीच्या गाण्यांचे दोन खंड काढले, तेव्हा तो हयात नव्हता.

गर्नीच्या त्या गाण्याबद्दल मी वर जे म्हणाले ते मला थोडं बदलावं लागतं. चाल म्हणजे वाचन, ठीक आहे, पण स्वतःचंच लिहिलेलं माणूस कसं वाचणार? मला वाटतं त्याने ते वाचलेलं नाही, ते दोन्ही त्याला एकदमच सुचलं असणार, शब्द आणि सूर वेगळे काढता येत नाहीत, कवीचा आवाज आणि पियानोचा आवाज यात बटरवर्थसारखी तेढ अजिबात नाही. म्हणून ते गायला अवघड आहे. बटरवर्थमध्ये मला दोन माणसांचं सोंग घेता येतं, इथे लपायला कुणीच नाही. सध्या तेच गाणं शिकतेय, माझ्या आवाजासाठी थोडं खाली उतरवून घेतलंय, आणि शेवटून दुसऱ्या ओळीतला 'क्वाइट' हा शब्द, विसरू नका नाही तर 'अगदीच' विसरू नका, तो किती हलका घ्यायचा यावर माझं आणि माझ्या पियानो वाजवणाऱ्या मैत्रिणीचं एकमत होत नाहीये. ती म्हणते तो तिचा पियानो सांभाळेल, मी नुसता बोलून टाकावा. पुढच्या रविवारी तिच्या पद्धतीने गाऊन बघणार आहोत.